फ्रिअरटाउनची घंटा आणि नाशिकचं शरणपूर
(बारामती येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मिशनचे भग्नावशेष म्हटले की आपल्याकडच्या माणसाला आधी वसई आठवते. किल्ल्यात शिरलं की छप्पर नसलेली उंच चर्चं, कमानींवर उगवलेले पिंपळ, जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा. किंवा रेवदंड्याचा सातखणी मनोरा. ते अवशेष वाचायला सोपे आहेत. पोर्तुगीज आले, त्यांनी बांधलं, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि त्यानंतर वस्ती हळूहळू उठली. कोणी बांधलं आणि कोणी पाडलं, दोन्ही प्रश्नांना उत्तरं आहेत.

आज आपण बोलणार आहोत ते अवशेष इतके सरळ नाहीत. ते आहेत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. केनियातल्या मोंबासा बेटासमोर मुख्य भूमीवर फ्रिअरटाउन नावाची वस्ती होती, तिथला घंटेचा मनोरा अजून उभा आहे. मोंबासापासून थोडं आत, डोंगरावर राबाई. आणि खाली टांझानियात बागामोयो, जिथे जुन्या कॅथलिक मिशनच्या चर्चचा बुरूज शिल्लक आहे. पर्यटकांना तिथे लिव्हिंगस्टनची गोष्ट सांगतात, क्राफ आणि रेबमान या जर्मन मिशनऱ्यांची गोष्ट सांगतात. ती खरी आहे, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी नाशिकमध्ये घडली. आणि तिचा एक धागा, तुम्हाला आश्चर्य वाटेल, आपल्या इंदापूर तालुक्यापर्यंत येतो.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. पुणे-सोलापूर रस्त्याने जाताना उजनीच्या पाण्यात पळसदेवचं जुनं मंदिर आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं, लोक फोटो काढायला जातात. फोटो काढणाऱ्याला ते सुंदर अवशेष दिसतात. ज्याचं गाव १९८० च्या सुमारास त्या पाण्याखाली गेलं, त्याला तिथे घराची जोती दिसतात, पाणवठ्याची वाट दिसते, कोण कुठे राहायचं ते दिसतं. दगड दोघांसमोर तेच असतात. मोंबासाच्या घंटेकडे आपल्याला या दुसऱ्या माणसासारखं बघायचं आहे.

आता मूळ विषयाकडे येऊ. आफ्रिकेतून माणसं महाराष्ट्रात येणं नवीन नाही. मलिक अंबर हा गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. इंदापूरला मालोजीराजांची गढी आहे, ते त्याच निजामशाहीतले सरदार. जंजिऱ्याचे सिद्दी तर सर्वांना ठाऊक आहेत. पण एकोणिसाव्या शतकात जी आफ्रिकन मुलं मुंबईला आली, त्यांची गोष्ट वेगळी आहे. ती मुलं सैन्यात भरती व्हायला आली नव्हती, त्यांना कोणी दरबारात विकलंही नव्हतं. ती समुद्रात पकडली गेली होती.

झालं असं. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि १८३३ च्या कायद्याने साम्राज्याच्या बहुतेक भागात गुलामगिरीच रद्द केली. पण हिंदी महासागरात हा व्यापार जोरात चालूच राहिला. झांझिबार बेटावर लवंगेचे मळे होते, त्यांना मजूर हवे होते; अरबस्तान आणि इराणी आखाताकडेही माणसं विकली जात. आतल्या मुलखातून, न्यासा सरोवराच्या आसपासच्या गावांतून माणसं धरायची, किनाऱ्यापर्यंत चालवत आणायची आणि गलबतात कोंबायची. ब्रिटिश आरमाराच्या गस्ती बोटी अशी गलबतं पकडत. मग प्रश्न यायचा, सुटका झालेल्या या माणसांचं करायचं काय? त्यांचं गाव कुठे, त्यांनाच सांगता यायचं नाही. सांगता आलं तरी पोहोचवणार कोण? परत किनाऱ्यावर सोडलं तर आठवडाभरात पुन्हा विकली जाणार. म्हणून त्यांतली बरीचशी, विशेषतः मुलं, मुंबई बंदरात आणली जात आणि घरांत, संस्थांत, मिशनांत वाटून दिली जात. वाटून दिली जात, हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. सुटका झाली तरी आपण कुठे जायचं हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीचं काम आधीपासून होतं. विल्यम सॉल्टर प्राइस नावाचे मिशनरी तिथे होते. धर्मांतरित कुटुंबांना जातीने आणि गावाने टाकलं होतं, त्यांना राहायला जागा हवी होती. म्हणून १८५०च्या दशकात प्राइस यांनी नाशिकच्या बाहेर एक ख्रिस्ती गाव वसवलं आणि त्याला नाव दिलं शरणपूर. शरण आलेल्यांचं गाव. आज नाशिकमध्ये शरणपूर रोडवर दुकानं, बँका, हॉटेलं आहेत आणि रोज हजारो लोक ते नाव उच्चारतात. पुढे मुंबईत आलेल्या आफ्रिकन मुलांना याच शरणपुरात आणलं जाऊ लागलं. तिथे त्यांच्यासाठी आश्रम निघाला. इंग्रजी कागदांत त्याला ‘आफ्रिकन असायलम’ म्हणतात. मुलांना लिहिणं-वाचणं शिकवलं, सुतारकाम, लोहारकाम, शेतीकाम शिकवलं, बाप्तिस्मा दिला.

आणि नावं दिली. जेकब वेनराइट, एडवर्ड गार्डनर, विल्यम जोन्स, जॉर्ज डेव्हिड. विचार करा, न्यासाच्या काठी जन्मलेलं मूल, अरबांच्या गलबतातून मुंबईला आलेलं, गोदावरीच्या काठी राहणारं, आणि नाव जेकब वेनराइट! आई ज्या नावाने हाक मारायची ते नाव मिशनच्या वहीत क्वचितच सापडतं.

लिव्हिंगस्टन इथे येतात. हे डेव्हिड लिव्हिंगस्टन स्कॉटलंडचे, डॉक्टर, मिशनरी, आणि आफ्रिकेच्या अंतर्भागाचे प्रवासी. १८६४ मध्ये त्यांनी ‘लेडी न्यासा’ नावाची आपली छोटी आगबोट स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईला आणली. पंचेचाळीस दिवस लागले. बोटीवर चुमा आणि विकाटानी नावाची दोन मुलं होती. १८६१ मध्ये आजच्या मलावीत गुलामांच्या एका तांड्यातून ती सोडवली गेली होती आणि मागोमेरोच्या मिशनमध्ये वाढली होती. हे मागोमेरो मिशन रोगराई आणि उपासमारीने लवकरच उठलं. मुंबईत लिव्हिंगस्टननी या दोघांना डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. हेच ते विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज चौपाटीवर आहे. पुढच्या वर्षी लिव्हिंगस्टन परत आले आणि जानेवारी १८६६ मध्ये मुंबईहून आपल्या शेवटच्या प्रवासाला निघाले. बरोबर चुमा आणि विकाटानी, मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाई, आणि शरणपूरच्या आश्रमातले नऊ तरुण. इंग्रजी पुस्तकांत यांना ‘नासिक बॉइज’ म्हणतात.

लिव्हिंगस्टन आपल्या रोजनिशीत या मुलांवर चिडलेले दिसतात. आळशी आहेत, ओझं उचलायला कुरकुरतात, असं वारंवार लिहितात. असतीलही. पण त्याच रोजनिशीत एक प्रसंग आहे, तो आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. नाशिकच्या मुलांपैकी एकाचं नाव होतं एब्राहम. वाटेत एका गावात त्याला त्याचा सख्खा काका भेटला. काकाने ओळखलं. लिव्हिंगस्टन म्हणाले, राहा इथे, तुझे लोक सापडले. एब्राहमने नाही म्हटलं. कारण तो विकला गेल्यावर त्याच्या आईला आणि बहिणींनाही विकलं होतं. आई नाही, बहीण नाही, तिथे राहून करायचं काय? तो पुढे चालत राहिला. दुसरीकडे विकाटानीला त्याचे नातेवाईक सापडले आणि तो राहिला. म्हणजे ‘गुलामीतून सुटून मायदेशी परतले’ हे एक वाक्य आपण सहज लिहून टाकतो, पण मायदेश म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर प्रत्येकाला वेगळं मिळालं होतं.

१ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी, लिव्हिंगस्टन वारले. त्या वेळी त्यांच्याजवळ एकही गोरा माणूस नव्हता. चुमा होता, सुसी होता, १८६६ च्या तुकडीतला गार्डनर होता आणि १८७२ मध्ये नव्याने आलेल्या नाशिककरांपैकी जेकब वेनराइट होता. त्यांनी ठरवलं की प्रेत किनाऱ्याला न्यायचं. हृदय आणि आतडी तिथेच एका झाडाखाली पुरली. प्रेताला मीठ लावून उन्हात वाळवलं, सालीत आणि शिडाच्या कापडात गुंडाळलं. पुरताना प्रार्थना म्हटली ती जेकबने, कारण ती वाचता येणारा तो होता. झाडाच्या खोडावर नावं कोरली तीही त्यानेच. ते झाड पुढे पाडलं गेलं, पण कोरलेला खोडाचा तुकडा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने जपला. शरणपूरच्या शाळेत गिरवलेली अक्षरं ती. मग हजार मैलांहून अधिक अंतर, जवळपास नऊ महिने, ही माणसं प्रेत खांद्यावर घेऊन चालली.

फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला पोहोचले. तिथलं मिशन फ्रेंच पाद्र्यांनी १८६८ मध्ये सुरू केलेलं, सोडवलेल्या गुलामांसाठीच. प्रेत तिथल्या चर्चमध्ये ठेवलं गेलं. म्हणून त्या चर्चच्या उरलेल्या बुरुजाला आज लिव्हिंगस्टन टॉवर म्हणतात. नाव कोणाचं पडतं, ते बघा.

पुढे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी बाकीच्यांना पगार देऊन मोकळं केलं. इंग्लंडला प्रेताबरोबर गेला तो एकटा जेकब, मिशनच्या खर्चाने. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत तो होता. चुमा आणि सुसी नंतर, एका मित्राने पैसे दिले तेव्हा गेले, आणि तोवर अंत्यसंस्कार होऊन गेले होते. जेकबने या सगळ्या प्रवासाची डायरी इंग्रजीत लिहिली होती. लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या दिवसांवर लंडनमध्ये जाड जाड पुस्तकं निघाली. जेकबची डायरी मात्र आधी छापली गेली ती जर्मन भाषांतरात.

आता इंदापूरचा धागा. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी शेतसाऱ्याची पहिली पद्धत बसवली ती प्रिंगल यांची. दर इतके चढे होते की लोक जमिनी टाकून गेले आणि इंदापूर तालुक्यात शेतं ओस पडली. म्हणून १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्याने पाहणी केली आणि तीस वर्षांसाठी दर ठरवून दिले. पुढे सगळ्या इलाख्यात चाललेल्या रयतवारी मोजणीचा हा पहिला धडा. आपल्या सातबाऱ्याचं मूळ शोधत गेलो की इंदापूरलाच येतो, असं आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. थोडं ताणून सांगतो, पण फार नाही. तर त्याच वर्षांत पुण्याला असिस्टंट कलेक्टर म्हणून एक वीस वर्षांचा तरुण रुजू झाला आणि गोल्डस्मिडच्या बरोबरीने महसुलाच्या कामात शिकला. त्याचं नाव बार्टल फ्रिअर. पुढे तो साताऱ्याला रेसिडेंट झाला, सिंधचा कमिशनर झाला, १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर झाला. लिव्हिंगस्टन मुंबईत आले तेव्हा गव्हर्नर हेच.

१८७२ मध्ये इंग्लंडच्या सरकारने याच फ्रिअरना झांझिबारच्या सुलतानाकडे पाठवलं, गुलामांचा व्यापार बंद करायचा तह करायला. सुलतान बर्गाश तयार होईना. फ्रिअर परतले, आणि मग आरमाराच्या नाकेबंदीची धमकी दिल्यावर जून १८७३ मध्ये सही झाली. या दौऱ्यात फ्रिअर मोंबासाला गेले. राबाईला रेबमान होते, म्हातारे, जवळजवळ आंधळे. त्यांच्या मिशनचं काम तोवर मोडकळीला आलेलं, पण तिथे १८६४ पासून नाशिकची माणसं होती: विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड. फ्रिअर यांच्या डोक्यात आलं की किनाऱ्यावर सुटलेल्या गुलामांसाठी एक वसाहत करायची आणि ती चालवायला नाशिकची शिकलेली माणसं आणायची. आयती योजना होती. शरणपूर उभं करणारे प्राइस यांनाच मोंबासाला पाठवलं. १८७५ मध्ये वस्ती उभी राहिली आणि नाव पडलं फ्रिअरटाउन. नाशिकचा आश्रम बंद झाला. शंभराहून अधिक आफ्रिकन स्त्री-पुरुष मुंबईहून तिकडे गेले. तिथे त्यांना नाव मिळालं ‘बॉम्बे आफ्रिकन’. नाशिकमध्ये ते आफ्रिकन होते, आफ्रिकेत ते मुंबईवाले झाले.

फ्रिअरटाउन हे नुसतं चर्च नव्हतं, ते गाव होतं. घरं, शेतं, शाळा, कामाच्या शाळा, आणि ती घंटा. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की घंटा वाजायची, हे तिथे आजही सांगतात. स्वाहिलीत घंटेला केंगेले म्हणतात. त्या जागेला आजही केंगेलेनी म्हणतात, घंटेजवळ.

पण इथे थांबून आतलं बघायला हवं. या गावात अधिकार गोऱ्या अधीक्षकाकडे. सोडवलेल्या माणसांना शिस्त लावायची म्हणून फटके मारणं, कोंडून ठेवणं चालू झालं. स्ट्रीटर नावाच्या अधीक्षकाच्या काळात हे इतकं वाढलं की तक्रारी झाल्या, चौकशी झाली, प्राइस यांना पुन्हा पाठवावं लागलं आणि स्ट्रीटरना जावं लागलं. ज्यांनी इंग्रजी शिकवलं त्यांच्यापुढेच त्या इंग्रजीत तक्रार मांडणारे लोक म्हणजे नाशिकहून गेलेले. मिशनऱ्यांच्या पत्रांत या लोकांबद्दल ‘गर्विष्ठ’ असा सूर सारखा येतो. आमच्या मते तो सूरच त्यांच्याबद्दलची सगळ्यात चांगली साक्ष आहे.

विल्यम जोन्स यांचंच बघा. राबाईचं काम त्यांच्याकडे होतं. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम राबाईला येत. कायद्याने ते मालकाची मालमत्ता. मिशनने त्यांना आसरा देऊ नये, मालकांशी वैर घेऊ नये, असा वरून दबाव. तरी ते येत राहिले आणि राबाईत राहत गेले. १८८८ मध्ये प्रकरण हातघाईवर आलं. मोजणी केली तर चौदाशेच्या आसपास माणसं निघाली. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे मॅकेंझी यांनी मालकांना पैसे मोजले आणि १ जानेवारी १८८९ रोजी या लोकांना मुक्ततेचे कागद दिले. इतिहासात श्रेय मॅकेंझींना मिळालं. पण ती चौदाशे माणसं तोवर कोणाच्या भरवशावर तिथे राहिली होती?

त्याआधी १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स यांना दीक्षा दिली आणि त्यांना घेऊन युगांडाकडे निघाले. वाटेत जोन्सना मोठ्या तुकडीसह मागे ठेवून हॅनिंग्टन पुढे गेले आणि ऑक्टोबरमध्ये मारले गेले. जोन्स उरलेली माणसं घेऊन परत फिरले. राबाईला पोहोचले तेव्हा तुकडीपुढे निळा झेंडा होता आणि त्यावर शब्द लिहिला होता इखाबोद. बायबलमधला शब्द आहे, वैभव गेलं अशा अर्थाचा. हॅनिंग्टनचं नाव चर्चच्या हुतात्म्यांत आलं. माणसं जिवंत परत आणणारा माणूस मात्र आपल्याकडे कोणाला माहीत नाही, आणि तो नाशिकचा होता.

पुढे केनियात गुलामगिरी कायद्यानेच संपली. फ्रिअरटाउनचं मूळ काम संपलं, मोंबासा शहर वाढत वाढत आजूबाजूला आलं. म्हणजे वसईसारखं युद्धाने काही पाडलं नाही. वस्ती शहरात मिसळली आणि घंटेचा मनोरा रस्त्याच्या कडेला राहिला. शरणपूरचंही तेच झालं.

चुमा १८८२ मध्ये झांझिबारला क्षयाने वारला. सुसी १८९१ मध्ये. वेस्टमिन्स्टर ॲबीत चाललेला जेकब वेनराइट परत आफ्रिकेत आला, मिशनच्या आणि काफिल्यांच्या नोकऱ्या करत राहिला आणि १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबो इथे वारला.

व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने विचारलं, या लोकांना मराठी यायचं का? उत्तर असं: आश्रमात शिक्षण इंग्रजीतून, आपापसांत बोलणं बरंचसं हिंदुस्थानीत, आणि आजूबाजूचं गाव, बाजार, शेत सगळं मराठी. वर्षानुवर्षं नाशिकला राहिलेल्या मुलाच्या कानावर मराठी पडत नसेल असं होणार नाही. मोंबासाला उतरल्यावर मात्र त्यांना स्वाहिली नव्याने शिकावी लागली. तिथल्या मिशनऱ्यांनी त्याचीही तक्रार केली आहे, की आफ्रिकेत आणलेली ही आफ्रिकन माणसं इथल्या लोकांशी बोलू शकत नाहीत.